कोष्टकातलं शून्य

परभणीला अन्नतंत्रज्ञान शिकत होते तेव्हा अन्नसुरक्षा म्हणजे धाडी, नमुने आणि दंड एवढंच डोक्यात होतं. अन्नात घातक घटक किती चालेल, त्या मर्यादेचा आकडा कोण ठरवतं, हा प्रश्नच कधी पडला नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी तज्ज्ञांच्या एका छोट्या कार्यगटासाठी आकडे गोळा करायचं काम मिळालं आणि हे जग उघडलं.

आधी उतरंड समजून घ्या. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यातलं कलम 13 वैज्ञानिक पॅनेलचं, 14 वैज्ञानिक समितीचं. विषय किचकट असला की मोजक्या तज्ज्ञांचा गट त्यावर बसतो. त्याचं मत वर जातं, निर्णय भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण घेतं.

आमचा विषय होता दुधातलं अफ्लाटॉक्सिन एम1, म्हणजे मुळात बुरशीतून येणारं एक विष. जनावराने बुरशी लागलेली सरकी पेंड किंवा मका खाल्ला की त्यातल्या अफ्लाटॉक्सिन बी1 चं यकृतात एम1 होतं आणि ते दुधात उतरतं. दूध उकळून ते जात नाही. 2018 च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात 6,432 पैकी 368 नमुन्यांत ते मर्यादेबाहेर निघालं होतं.

मी अहवालांचं कोष्टक केलं. जिथे 'आढळलं नाही' होतं तिथे शून्य भरलं आणि सरासरी काढली. बैठकीत विषशास्त्राच्या ज्येष्ठ मॅडमनी त्या रकान्यावर पेन ठेवलं. "हे शून्य कुठून आलं?" मला उत्तर देता येईना. प्रत्येक प्रयोगशाळेची शोधमर्यादा, म्हणजे तिला दिसू शकणारं कमीत कमी प्रमाण, वेगळी असते. एकीला किलोमागे 0.02 मायक्रोग्रॅम दिसतं, दुसरीला 0.2 च्या खालचं काहीच दिसत नाही. दोघींचं 'आढळलं नाही' सारखं कसं? रात्री बसून दोन सरासऱ्या काढल्या, एक शून्य धरून, एक शोधमर्यादेइतकं धरून. दोन्हींत बरंच अंतर पडलं. गटाने ते अंतर जसंच्या तसं अहवालात मांडलं, कारण आपल्याला किती कमी माहीत आहे हे निर्णय घेणाऱ्यालाही कळायला हवं.

आपली मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम, युरोपची 0.05. पाहताक्षणी वाटतं, आपणही दहापट कडक व्हावं. पण अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने, म्हणजे जेक्फाने, 2001 मध्ये याच दोन मर्यादांची तुलना केली. यकृताच्या कर्करोगाच्या धोक्यात पडणारा फरक तिला अगदी थोडा वाटला. ते मूल्यमापन मुळातून वाचा, एका आकड्यामागे किती गृहीतकं असतात ते दिसेल. माझं मत विचाराल तर खरी लढाई गोठ्यात आहे, पेंड कोरडी ठेवण्यात.

या कामात यायचं असेल तर संख्याशास्त्राचा कंटाळा करू नका. आणि कोणी सदस्य "या कंपनीला मी सल्ला दिलाय" असं सुरुवातीलाच सांगून त्या विषयापुरता उठून गेला, तर अवघडून जाऊ नका. ते तसंच व्हायला हवं.

आता कुठलाही अहवाल आला की मी आधी शोधमर्यादेचा रकाना बघते. रिकामा असेल तर प्रयोगशाळेला फोन करते, मगच कोष्टक उघडते.