एक्स्चेंजला अमेरिकेत निघालात? ‘चालेल, चालेल’ म्हणण्यासकट या चुका टाळा

शालेय एक्स्चेंज म्हणजे एक वर्ष तिथल्या कुटुंबात राहून तिथल्या शाळेत शिकणं. मी गेले अमेरिकेतल्या आयोवा राज्यात. पहिल्या संध्याकाळी होस्ट मॉमने, म्हणजे त्या घरातल्या आईने, विचारलं, “भूक लागलीय?” सांगली सोडून दीड दिवस झाला होता, पोटात कावळे कोकलत होते. मी म्हणाले, “नको, ठीक आहे.” ती “बरं” म्हणाली आणि तिने ओव्हन बंद केला.

आपल्याकडे पहिलं ‘नको’ कोणी मोजतच नाही. दुसऱ्याला “अगं, थोडंसं तरी” येतं आणि तिसऱ्याला ताट समोर असतं. तिथे पहिला नकार हाच शेवटचा. आग्रह करणं म्हणजे समोरच्याच्या शब्दावर विश्वास न ठेवणं, असं त्यांना वाटतं. त्या रात्री मी दिवा न लावता आजीच्या दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. सकाळी होस्ट डॅडनी गॅसगळती शोधायला तळघरापर्यंत चक्कर मारली.

आता बरीच वर्षं मी निघणाऱ्या मुलांच्या तयारीच्या बैठकांना बसते. अडचणीत येणाऱ्या मुलांचं इंग्रजी सहसा उत्तम असतं. त्यांचं अडतं ते ‘नको’, ‘चालेल’ आणि ‘काही नाही’ या तीन उत्तरांवर. आपल्या घरात या शब्दांमागचं आईला आपोआप कळतं. होस्ट मॉमला कळत नाही, आणि तिला ते कळावं ही अपेक्षाही चूकच.

निघण्याआधीच्या चुका

पहिली चूक वयाची. “बारावी होऊ दे, मग बघू” असं ठरवणारे पालक बरेच भेटतात. अमेरिकेच्या जे-१ व्हिसावर शालेय एक्स्चेंजला जायचं, तर कार्यक्रम सुरू होताना वय १५ वर्षं ते साडेअठरा वर्षं यांच्यामध्ये असावं लागतं आणि शाळेची ११ पेक्षा जास्त वर्षं झालेली चालत नाहीत. म्हणजे बारावीनंतर हे दार बंद. दहावी संपवून जाणं आपल्याकडे सगळ्यात सोयीचं. त्यासाठी अर्ज आणि मुलाखती जवळपास वर्षभर आधी सुरू होतात, हे लक्षात ठेवा.

दुसरी चूक म्हणजे गाव निवडता येतं असं समजणं. “न्यूयॉर्कमध्ये ठेवू, आमची फॅमिली ठरलेली आहे, तिला महिन्याला अमुक द्यायचे” असं कोणी सांगितलं तर सावध व्हा. जे-१च्या शालेय कार्यक्रमात होस्ट फॅमिलीला मोबदला देताच येत नाही. ती माणसं हौसेने मूल घरी ठेवतात, आणि अशी हौस लहान गावांत जास्त सापडते. मक्याची आणि सोयाबीनची शेतं, एक पेट्रोल पंप, एक चर्च, एक शाळा. माझं गाव असंच होतं, आणि पहिल्या आठवड्यात मी फसवलं गेल्यासारखा चेहरा करून फिरत होते. ऑक्टोबरपर्यंत पंपावरच्या माणसालासुद्धा माझं नाव नीट उच्चारता येत होतं. शिकागोत हे झालं नसतं.

‘येस’ नावाची शिष्यवृत्ती, म्हणजे केनेडी-लुगार यूथ एक्स्चेंज अँड स्टडी, २००२ साली सुरू झाली. तिचा खर्च अमेरिकी सरकार करतं, भारतातली मुलंही तिच्यावर गेली आहेत. प्रवास, विमा, थोडा हातखर्च, सगळं त्यात येतं. तिच्या नावाखाली कोणी ‘प्रोसेसिंग’चे लाख-दीड लाख मागितले तर खुर्चीवरून उठा. मात्र सरकारी पैशावर जाणाऱ्याला परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. पुढे शिक्षणासाठी जायला ती आड येत नाही, पण नोकरीच्या एच-१बी व्हिसाला किंवा ग्रीन कार्डला येते. हे आधी माहीत असावं. रोटरी क्लबच्या एक्स्चेंजचा मार्ग वेगळा आहे. तिथे मूल वर्षात बहुधा दोन-तीन घरांत राहतं, आणि तुमच्या घरीही परदेशी मूल ठेवण्याची अपेक्षा असते. “आमच्याकडे जागा कुठे आहे?” हा प्रश्न फॉर्म भरण्याआधी विचारायचा, नंतर नाही.

तिसरी चूक अकरावीची. अमेरिकेतलं शालेय वर्ष ऑगस्टच्या सुमारास सुरू होऊन मे-जूनला संपतं. ते वर्ष इथे धरलं जाईल की परत अकरावीत बसावं लागेल, याबद्दल “सर म्हणाले बघू” यावर विसंबून राहू नका. कॉलेजकडून लेखी घ्या. तिथली शाळा गुणपत्रक देते, पण एक्स्चेंजच्या मुलांना डिप्लोमा, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, बहुतेक ठिकाणी मिळत नाही. माझं एक वर्ष गेलं. मला त्याचं दुःख नाही. ते कळल्यावर बाबांनी दोन दिवस पेपर उघडला नाही, ते दुःख मात्र आहे.

होस्ट फॅमिलीला लिहायचं पत्र

या पत्रावरून घर मिळतं, आणि आपली मुलं त्यात टक्केवारी लिहितात. दहावीला ९४, स्कॉलरशिपमध्ये पाचवी, अबॅकसच्या आठ लेव्हल. वाचणाऱ्याला तुमच्यासोबत एक वर्ष जेवायचं आहे, तुम्हाला नोकरीवर ठेवायचं नाही. शनिवारी काय करता, भावाशी कशावरून भांडता, कुत्र्याची भीती वाटते का, हे लिहा. भीतीचं तर लिहाच. अमेरिकन घरात कुत्रं सोफ्यावर असतं, कधी पलंगावरही. “मला प्राणी आवडतात” असं लिहून गेलेला एक मुलगा पहिले दहा दिवस बाथरूममध्ये अभ्यास करत होता.

खाण्याच्या बाबतीत नेमकं सांगा

‘व्हेजिटेरियन’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक घरी वेगळा लागतो. काहींच्या मते मासे चालतात, काहींच्या मते सूप चिकनच्या पाण्याचं असलं तरी त्यात तुकडे नसले की झालं. म्हणून यादीच द्या: अंडं चालतं की नाही, केकमधलं चालतं का, त्याच तव्यावर केलेलं चालतं का. मार्शमेलोमध्ये आणि बऱ्याच गमी गोळ्यांमध्ये जिलेटिन असतं. मेक्सिकन पद्धतीच्या घोटलेल्या राजम्यात कधीकधी डुकराची चरबी असते. लेबल वाचायची सवय लावा, पण जेवणाच्या टेबलावर प्रत्येक घासाला उलटतपासणी नको.

आणि घरच्यांनी लादलेलं व्रत सोबत नेऊ नका. निघण्याआधी आईबाबांसमोर खरं ठरवा: चिकन खाऊन बघणार आहात का? “तिकडे जाऊन बघू” असं म्हटलं की फेसबुकवर होस्ट मॉमने टाकलेल्या बार्बेक्यूच्या फोटोतून साताऱ्याला बातमी कळते.

शाकाहारी राहणार असाल तर भार उचला. आठवड्यातून एक दिवस तुम्ही रांधा. मुगाची खिचडी, बटाट्याची भाजी, उपमा, एवढं येत असलं तरी पुरतं. म्हणजे जाण्याआधीच्या सुट्टीत ते शिकायला हवं. मसाल्याची पाकिटं बंद डब्यांत न्या. ताजा कढीपत्ता नेऊ नका. लिंबूवर्गीय झाडांच्या रोगामुळे तो तिथे आणायला बंदी आहे आणि विमानतळावर काढून घेतात. आमच्या आईने तो रुमालात बांधून दिला होता. त्या अधिकाऱ्याने रुमाल परत केला, एवढं सौजन्य.

घरातल्या लहान गोष्टी, मोठी कुरबुर

स्टीलची वाटी मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. डिशवॉशरमध्ये हाताने भांडी घासायचं लिक्विड घालू नका, फेस स्वयंपाकघरभर येतो. सुती कुर्ता ड्रायरमध्ये घातला तर धाकट्या बहिणीला होईल एवढा बाहेर येतो. बाथरूममध्ये टबबाहेरच्या फरशीला पाणी जायला जागाच नसते, म्हणून पडद्याचं खालचं टोक टबाच्या आत हवं. बादलीने अंघोळ करणाऱ्या घरातल्या मुलांच्या हे गावीही नसतं, आणि तिसऱ्या दिवशी खालच्या छताला ओल येते. गरम पाण्याची टाकी सगळ्या घराची एकच असते. तुम्ही २५ मिनिटं शॉवर घेतलात की नंतरचा माणूस गार पाण्यात.

आपल्याकडे बऱ्याच घरांत भांडीवाली मावशी येते, उरलेलं आई करते. तिथे ताट उचलून ठेवणं, पलंग आवरणं, स्वतःचे कपडे धुणं हे पाहुण्याचं काम नाही, कारण तुम्ही पाहुणे नसता. बहुतेक घरं कामं सांगत नाहीत, तुम्हाला दिसतील म्हणून वाट बघतात. मग महिन्याभराने एकदम स्फोट होतो आणि मूल म्हणतं, “पण त्या कधी काही बोलल्याच नाहीत.” रोटरीच्या मुलांना ‘पहिल्या रात्रीचे प्रश्न’ अशी यादी देतात. कपडे कधी धुवायचे, फ्रिज न विचारता उघडला तर चालेल का, झोपताना बाथरूमचं दार उघडं ठेवायचं की बंद, असे साधे प्रश्न. कोणत्याही कार्यक्रमाने जा, ती यादी स्वतः बनवा आणि पहिल्या दोन दिवसांतच विचारा. महिन्याभराने हे विचारायची लाज वाटते.

त्यात एक प्रश्न वाढवा: “मी तुम्हाला काय म्हणू?” मोठ्यांना नावाने हाक मारायला आपली जीभ रेटत नाही, आँटी-अंकल तिथे विचित्र वाटतं, म्हणून आपली मुलं हाकच मारत नाहीत. नुसती दारात येऊन उभी राहतात. एका होस्ट मॉमने मला विचारलं होतं, “तुमच्याकडे असं भुतासारखं उभं राहणं शिष्टाचारात बसतं का?”

खोलीचं दार दिवसभर लावून बसणं हीही अशीच गफलत. तुम्ही अभ्यास करत असता, त्यांना वाटतं तुम्ही रागावलात. पुस्तक घेऊन दिवाणखान्यात बसा, बोलायची गरज नाही.

फोन: ही चूक बहुतेक वेळा आईबाबांची

आयोवा आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेदहा तास मागे असतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात आणि फरक साडेअकरा तासांचा होतो. म्हणजे आईचा सकाळचा चहा आणि मुलीची संध्याकाळ एकाच वेळी. नेमक्या ज्या वेळी ते घर एकत्र जेवतं, टीव्ही बघतं, त्या वेळी आपली मुलगी खोलीत व्हिडिओ कॉलवर असते. रोज. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास. पहिल्या महिन्यात जड जातं, हे खरं आहे. पण रोज बोलणाऱ्या मुलांची घराची ओढ लवकर कमी होत नाही, असं मी पाहत आले आहे.

याहून वाईट म्हणजे होस्ट मॉमला परस्पर मेसेज करणं. “तिला दूध देत जा”, “गणिताचं जरा बघा.” कृपा करून करू नका. आणि मुलाने रडत फोन केला तर तिकीट काढायला धावू नका. आधी विचारा: “को-ऑर्डिनेटरशी बोललास का?” को-ऑर्डिनेटर म्हणजे एक्स्चेंज चालवणाऱ्या संस्थेचा तिथला माणूस.

सगळ्यात वाईट काळ दिवाळीच्या आसपास येतो. दिवस लहान, पाचला अंधार, व्हॉट्सॲपवर फराळाचे फोटो. अशा वेळी जवळच्या शहरातलं महाराष्ट्र मंडळ शोधून एकदा जरूर जा. दर शनिवारी तिथेच जायला लागलात, तर सांगलीच बरी होती. त्यापेक्षा कॉर्नफ्लेक्सचा चिवडा करून वर्गात न्या. कॉर्नफ्लेक्स तिथे मुबलक, आणि त्याचं असं काही होऊ शकतं हे त्यांना ठाऊक नसतं.

शाळा, गोळ्या आणि विनोद

जेईईचा विचार करून सगळे विषय गणित-विज्ञानाचे घेणं हा वर्ष वाया घालवण्याचा खात्रीचा उपाय. बँड, नाटक, मातीकाम, लाकूडकाम यांपैकी काहीतरी घ्या. शरद ऋतूतले खेळ ऑगस्टमध्येच सुरू होतात, “आधी जरा रुळते” म्हटलं की संधी गेली. क्रॉस-कंट्री धावण्याच्या संघात बहुधा येईल त्याला घेतात. मी प्रत्येक शर्यतीत शेवटून दुसरी यायचे. मैत्रिणी तिथेच मिळाल्या.

लसींचं कार्ड निघण्याआधी डॉक्टरांकडून इंग्रजीत तारखांसह लिहून घ्या, नाहीतर शाळा बसू देत नाही. आणखी एक गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही. जन्मतः बीसीजी टोचलेली असल्याने हातावर टोचून करायची टीबीची चाचणी आपल्या मुलांत पॉझिटिव्ह दिसू शकते. घाबरू नका, बीसीजी झाल्याचं सांगा आणि रक्तावरची इग्रा चाचणी मागा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. विम्यात दात आणि चष्मा सहसा नसतो. दाढ भरून आणि चष्म्याची दुसरी जोडी घेऊन जा.

क्रोसिन दप्तरात ठेवून मैत्रिणीला देणं आपल्याकडे माया, तिथल्या शाळेत शिस्तभंग. औषधं शाळेच्या नर्सकडे द्यायची असतात. बंदूक, बॉम्ब, “मारून टाकीन” असले विनोद तोंडी किंवा इन्स्टाग्रामवर अजिबात नकोत. तिथे त्यावर पोलीस येतात आणि ते हसत नाहीत. दारू, ड्रग्ज आणि गाडी चालवणं या तीन गोष्टींवर कार्यक्रम थेट घरी पाठवतो. “होस्ट भावानेच किल्ली दिली” ही सबब चालत नाही.

घर जुळलंच नाही तर

स्थानिक को-ऑर्डिनेटर १२० मैलांच्या आत राहणारा असावा आणि त्याने महिन्यातून एकदा तरी तुमच्याशी संपर्क ठेवावा, असा नियम आहे. त्याच्या “कसं चाललंय?” या प्रश्नाला ‘छान’ म्हणून फोन ठेवू नका. थंडी वाजते, पोट भरत नाही, अमुक माणसाजवळ बसायला नको वाटतं, हे त्याच वेळी आणि त्याच शब्दांत सांगा. शेवटच्या प्रकारात महिन्याच्या फोनची वाटही बघू नका. को-ऑर्डिनेटर ऐकत नसेल तर संस्थेच्या कार्यालयाला, आणि तिथेही नाही तर अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या हेल्पलाइनला फोन करा. हे सगळे नंबर सोबत दिलेले असतात. मोबाइलमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा.

घर बदलणं म्हणजे नापास होणं नव्हे. मी जानेवारीत बदललं. पहिल्या घराशी भांडण नव्हतं, होस्ट मॉमची नोकरी दुसऱ्या गावी गेली. तरी मी महिनाभर सांगलीत कळवलं नाही, कारण लोक काय म्हणतील. लोकांना पत्ताही नव्हता.

परतीच्या आधी शाळेच्या ऑफिसमधून ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे गुणपत्रकाच्या, शिक्का मारलेल्या, बंद पाकिटातल्या तीन प्रती मागून घ्या. जूनमध्ये ऑफिसला कुलूप लागतं, आणि इथलं कॉलेज त्या पाकिटाशिवाय फाइल उघडत नाही.