बीपीची गोळी नसांवर आतून काय करते, आन ती घ्यायची कशी
आमचे आबा परभणीला, बीपी नॉर्मल आलं की गोळी बंद. कामून? तर "आता बरंय की." असं करू नका, गोळी नुसता आकडा खाली आणत नाही. बीपी वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं की रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी वाढतात, भिंत जाड होते आन आतली वाट अरुंद, क्षार धरलेल्या शेतातल्या ड्रिपच्या नळीसारखी (फक्त इथं क्षार नाही, भिंतच फुगते). ह्या पेशींना वाढायला लावतं ते अँजिओटेन्सिन-२, म्हणजे शरीरातच तयार होणारं एक संप्रेरक (हार्मोन). टेल्मिसार्टन, लोसार्टन ह्या गोळ्या पेशीवरची त्याची बसायची जागाच अडवतात, रामिप्रिल ते तयारच कमी होऊ देतं. अॅम्लोडिपिननं नस सैल पडते. भिंत सुधारायला मात्र लई महिने लागतात, मधेच सोडली की गेलं.

मग गोळी रोज एकाच टायमाला, आम्ही पाकीट चहाच्या डब्यापाशीच ठेवलंय. मोजायच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, ५ मिनिटं गप बसा, १ मिनिट सोडून दोनदा मोजा. रामिप्रिलनं कोरडा खोकला लागला नाहीतर अॅम्लोडिपिननं घोटे सुजले तर डॉक्टरला सांगा, गोळी बदलून मिळते. सार्टन-प्रिल (टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल) चालू असताना रक्तातलं पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते) तपासत रहा, आन दिवस गेले असतील तर ह्या गोळ्या चालत नाहीत, लगेच डॉक्टर गाठा.