टाकी भरल्याची घंटी: शनिवारच्या आधी

येत्या शनिवारी फोंड्याच्या आमच्या वर्गात मुलं टाकी भरली की वाजणारी घंटी करणार आहेत. दोघांना दिसत नाही, एकाला ऐकू येत नाही, एक मुलगी व्हीलचेअरवर असते. "तू बस, दादा जोडून देईल" असं कुणालाही म्हणायची पाळी येऊ नये, एवढ्यासाठीच ही सगळी तयारी.

सामान शुक्रवारीच मोजून ठेवा: प्रत्येकाला 9 व्होल्टची बॅटरी, बझर, बीसी547 ट्रान्झिस्टर (विजेने चालू-बंद होणारा तीन पायांचा छोटा स्विच), 1 किलोओहमचा रेझिस्टर (वीज मर्यादेत ठेवणारा भाग), ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचून जोडायची भोकांची पाटी) आणि टोकं सोललेल्या वायरी. दर वस्तू वेगळ्या वाटीत, वाट्या ट्रेमध्ये, आणि सगळ्या ट्रेंमध्ये क्रम तोच. रेझिस्टरचे रंगीत पट्टे बोटांना कळत नाहीत, म्हणून एका वाटीत एकाच ओहमचे ठेवा आणि वाटीला ब्रेल चिठ्ठी लावा. बाकीचं मात्र बोटं छान ओळखतात. बॅटरीचं लहान गोल बटण धन, मोठं ऋण. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एलईडीचा लांब पाय धन. ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच भोकं आतून जोडलेली असतात. पहिल्या ओळीशेजारी फेविकॉलचा थेंब वाळवून खूण करा. सर्किटची आकृती पुठ्ठ्यावर जाड दोरा चिकटवून काढा. मग तुम्ही स्वतः डोळे बांधून एकदा सगळं जोडा. मला पहिल्यांदा पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात जे कळलं ते कुठल्याच प्रशिक्षणात मिळालं नव्हतं.

ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी बझरच्या जागी एलईडी आणि 470 ओहमचा रेझिस्टर. मोबाइलमधली थरथरणारी मोटर लावायची असेल तर दोन पेन्सिल सेलवरच लावा, 9 व्होल्टवर ती जळते. दुभाषा ताईंना सामानाची यादी दोन दिवस आधी द्या, म्हणजे ट्रान्झिस्टरसाठी कोणती खूण करायची ते मुलाबरोबर ठरवता येईल. त्यांना खिडकीकडे पाठ करून उभं करू नका. उजेड मागून आला की चेहरा काळोखा दिसतो. आणि हे विसरू नका: मुलगा एकाच वेळी स्वतःचे हात आणि ताईंचे हात पाहू शकत नाही. एक पायरी सांगा, थांबा, त्याला जोडू द्या, मग पुढचं बोला. मागच्या वेळी आम्ही बोलतच राहिलो आणि बिचारा प्रत्येक पायरीला मागे पडला. चूक आमचीच होती.

व्हीलचेअरसाठी टेबलाखाली सुमारे 70 सेंटिमीटर मोकळी जागा हवी. प्रयोगशाळेचं ओटेवजा टेबल चालत नाही, जेवणघरातलं साधं टेबल आणा. ट्रेखाली ओलं फडकं ठेवलं की तो सरकत नाही, आणि हात थरथरणाऱ्या मुलांनाही त्याचा आधार होतो. सोल्डरिंग, म्हणजे गरम कथिलाने डाग देऊन जोडणं, या वेळी नकोच.

घंटी तपासायला पातेलं, पाणी आणि चिमूटभर मीठ. वायरींची दोन मोकळी टोकं पाण्यात बुडाली की पाण्यातून वीज जाते आणि घंटी वाजते. आवाज बारीक आला तर मीठ टाका, मिठाच्या पाण्यातून वीज जास्त सहज जाते. मानशीजवळच्या (खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या दाराजवळच्या) गावांतून येणाऱ्या मुलांना खाऱ्या पाण्याची गोष्ट लगेच पटेल. झाल्यावर बॅटरी काढा आणि वायरची टोकं पुसा, नाहीतर तांबं हिरवं पडतं. घंटी घरच्या टाकीवर लावून बघायला मुलं घेऊन जाणारच, तेव्हा दाराशी कापडी पिशव्या ठेवा.