अपघातानंतर क्लेम करावा की नाही: गाडीच्या विम्याचा पुढच्या पाच वर्षांचा हिशेब

पार्किंगमधून गाडी बाहेर काढताना मागचा बंपर खांबाला घासतो, वर्कशॉपमधून साडेतेरा हजारांचे एस्टिमेट हातात पडते आणि 'इन्शुरन्स आहे ना, मग क्लेम करून टाका' असा सल्ला सगळीकडून मिळतो. हा सल्ला काही वेळा योग्य असतो आणि काही वेळा चांगलाच महागात पडतो. आपल्या बाबतीत यांपैकी काय होणार आहे, हे कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटांत काढता येते. त्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडे खासगी मोटारीच्या विम्याचा हप्ता वाढतो तो मुख्यतः क्लेम केल्यामुळे. नुसत्या अपघातामुळे तो वाढत नाही. क्लेममुळे झालेली वाढ मात्र पुढच्या एकाच वर्षात संपत नाही, ती पाच नूतनीकरणांपर्यंत पुरते.

आधी आपली पॉलिसी उघडून हप्त्याचे दोन भाग वेगळे करावेत. पहिला भाग थर्ड पार्टी विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या हानीच्या भरपाईचा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार तो सक्तीचा आहे आणि त्याचे दर कोणतीही विमा कंपनी स्वतः ठरवत नाही. ते केंद्र सरकार अधिसूचना काढून जाहीर करते. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 1000 सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीच्या मोटारीला 3,416 रुपये आणि त्यावरच्या मोटारीला 7,897 रुपये पडतात. हे आकडे फक्त इंजिनच्या क्षमतेवर ठरलेले असल्यामुळे गेल्या वर्षी तुमचा अपघात झाला होता की नाही, याचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही.

दुसरा भाग ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानभरपाईचा. या भागाचे दर 2007 पासून खुले झाले आहेत. गाडीची आयडीव्ही (म्हणजे विम्यासाठी धरलेली तिची किंमत), तिचे वय, इंजिन आणि नोंदणीचे ठिकाण पाहून प्रत्येक कंपनी आपला दर लावते. जुन्या टॅरिफमध्ये मुंबई आणि पुणे हे जास्त दराच्या 'अ' विभागात होते, हे अनेकांना आठवत असेल. अपघातानंतरचा सगळा फरक पडतो तो याच भागात, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे नो क्लेम बोनस, अर्थात एनसीबी.

एनसीबीची शिडी अशी आहे: एक वर्ष क्लेम न करता गेले की पुढच्या नूतनीकरणाला ओन डॅमेज हप्त्यावर 20 टक्के सूट मिळते. सलग दुसऱ्या वर्षानंतर 25, तिसऱ्यानंतर 35, चौथ्यानंतर 45 आणि पाचव्यानंतर 50 टक्के. पन्नासच्या वर ती जात नाही. एखाद्या वर्षी एक जरी क्लेम मंजूर झाला, तरी पुढच्या नूतनीकरणाला ही सूट शून्यावर येते आणि शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. क्लेम आठ हजारांचा होता की दोन लाखांचा, याने काही फरक पडत नाही. चूक कोणाची होती यानेही पडत नाही. तुमची उभी गाडी दुसऱ्याने ठोकली आणि तुम्ही भरपाई आपल्या पॉलिसीतून घेतली, तरी बोनस जातो तो तुमचाच. मला हा नियम जाचक वाटतो. पण तो तसा आहे, आणि हे कळल्यावरच क्लेमचा निर्णय घ्यावा.

एका क्लेमची खरी किंमत

बहुतेक लोक फक्त पुढच्या वर्षीच्या हप्त्यातला फरक पाहतात, आणि हिशेब चुकतो तो इथेच. समजा, सूट वजा करण्यापूर्वीचा तुमचा ओन डॅमेज हप्ता 10,000 रुपये आहे आणि तुम्ही 50 टक्के एनसीबीपर्यंत पोहोचला आहात. क्लेम केला नाही, तर दरवर्षी 5,000 रुपये भरत राहाल. क्लेम केलात, तर पहिल्या नूतनीकरणाला 10,000, दुसऱ्याला 8,000, तिसऱ्याला 7,500, चौथ्याला 6,500 आणि पाचव्याला 5,500 रुपये भरावे लागतील. सहाव्या वेळी तुम्ही पुन्हा 5,000 वर याल. जास्तीचे पैसे 5,000, 3,000, 2,500, 1,500 आणि 500, म्हणजे एकूण 12,500 रुपये झाले. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 14,750. पहिल्या वर्षाचा फरक पाच हजारांचा दिसत होता. पुरा फरक त्याच्या अडीचपट निघाला.

हीच रीत शिडीच्या प्रत्येक पायरीला लावून पाहता येते. सध्याच्या पॉलिसीवर तुम्हाला 45 किंवा 50 टक्के सूट मिळत असेल, तर एका क्लेमची किंमत मूळ ओन डॅमेज हप्त्याच्या सुमारे 125 टक्के होते. 35 टक्क्यांवर असाल तर 120, 25 टक्क्यांवर असाल तर 105, 20 टक्क्यांवर असाल तर 80, आणि सूट अजून सुरूच झालेली नसेल तर फक्त 50 टक्के. या आकड्याने आपला मूळ ओन डॅमेज हप्ता गुणावा, वर जीएसटी मिळवावा, म्हणजे या क्लेमपायी पाच वर्षांत किती रुपये सोडावे लागतील ते कळते. गाडी जुनी होते तशी आयडीव्ही उतरते आणि तिच्याबरोबर मूळ हप्ताही बहुधा उतरतो. त्यामुळे प्रत्यक्षातली रक्कम याहून थोडी कमी भरेल. निर्णयासाठी मात्र हा अंदाज पुरेसा आहे.

क्लेममधून हातात किती येईल

वर्कशॉपचे बिल ही काही क्लेमची रक्कम नव्हे. साध्या पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लास्टिकचे भाग, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांवर 50 टक्के घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, कापला जातो, फायबरग्लासच्या भागांवर 30 टक्के, आणि काचेवर काहीच नाही. धातूच्या भागांवरचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढत जातो: पहिल्या सहा महिन्यांत शून्य, दुसऱ्या वर्षात 10 टक्के, चौथ्या वर्षात 25, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 आणि त्याहून जुन्या गाडीला 50. रंगकामाच्या बिलाचा एक चतुर्थांश भाग साहित्याचा धरून त्यावर 50 टक्के कापतात. शिवाय प्रत्येक क्लेममधून सक्तीची वजावट, म्हणजे आपण स्वतः सोसायची ठरावीक रक्कम, जाते. ती 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये आणि त्यावरच्या गाडीला 2,000 रुपये आहे. हप्ता कमी व्हावा म्हणून तुम्ही स्वेच्छेने जास्तीची वजावट घेतली असेल, तर तीही याच वेळी वजा होते.

सुरुवातीच्या बंपरचे बिल या नियमांतून काढून पाहू. बंपर 6,000, रंगकाम 5,000, मजुरी 2,500, असे एकूण 13,500 रुपये. बंपर प्लास्टिकचा, म्हणून 3,000 गेले. रंगकामातले 625 गेले. वजावटीचे 1,000 गेले. हातात येतील 8,875 रुपये. आपण 50 टक्के एनसीबीवर असू आणि मूळ हप्ता दहा हजारांचा असेल, तर हे 8,875 मिळवण्यासाठी पुढे पाच वर्षांत 14,750 भरायचे, असा हा व्यवहार आहे. इथे बिल स्वतः भरणेच शहाणपणाचे. झिरो डेप कव्हर असेल तर घसारा कापला जाणार नाही आणि 12,500 मिळतील; तरीही पारडे क्लेमच्या बाजूला झुकत नाही. पण हाच माणूस गाडीच्या पहिल्या वर्षात असता, तर क्लेमची किंमत जीएसटीसह 5,900 रुपयेच झाली असती आणि क्लेम करणे फायद्याचे ठरले असते. दरवाजा, फेंडर आणि सस्पेन्शन मिळून साठ-सत्तर हजारांचे बिल आले असेल, तर एनसीबीचा विचार बाजूला ठेवून निर्धास्तपणे क्लेम करावा, कारण विमा घेतलेला असतो तो अशाच प्रसंगासाठी.

या हिशेबात एक गृहीतक दडलेले आहे, ते उघड सांगायला हवे. आज क्लेम टाळून जपलेला बोनस पुढे पाच वर्षे टिकेल, असे आपण धरून चालतो. घरात कोणी नुकतेच गाडी शिकत असेल, किंवा गाडी रोज भर गर्दीच्या रस्त्यावर उभी राहत असेल, तर पुढच्याच वर्षी एखादा मोठा क्लेम होऊन बोनस जाण्याची शक्यता राहतेच. अशा वेळी मी क्लेमच्या किमतीत पाच वर्षांऐवजी दोन-तीनच वर्षांचा फरक धरीन.

तसेच, चालू पॉलिसी-वर्षात एक क्लेम आधीच झाला असेल, तर या वर्षापुरता बोनस गेलेलाच आहे. त्याच वर्षातल्या दुसऱ्या खऱ्या अपघाताचा क्लेम केल्याने तो आणखी जात नाही. वजावट मात्र नव्याने द्यावी लागते, आणि झिरो डेपवर वर्षाला किती क्लेम चालतात याची मर्यादा पॉलिसीत पाहून घ्यावी लागते. ओन डॅमेजचे दर खुले असल्यामुळे वारंवार क्लेम करणाऱ्याला कंपनी मूळ दरही चढा सांगू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा

अपघातात कोणाला इजा झाली असेल, तर वरचे सगळे गणित त्या क्षणी बाजूला ठेवावे. जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे कायद्यानेच चालकाचे कर्तव्य आहे, आणि विमा कंपनीलाही विनाविलंब कळवले पाहिजे. जखमीच्या किंवा मृताच्या वारसांच्या भरपाईची जबाबदारी थर्ड पार्टी विम्यावर येते. हप्ता वाढेल या भीतीने ती बाब आपसांत मिटवण्याचा प्रयत्न करणे चुकीचे तर आहेच, शिवाय तुमच्यासाठी धोक्याचेही आहे. त्या भागाचा हप्ता अपघाताने वाढत नाही, हे वर आलेच आहे.

नुकसान केवळ आपल्या गाडीचे असेल, तर जागेवरच चारही बाजूंनी फोटो काढावेत, लगेच एस्टिमेट घ्यावे आणि एक-दोन दिवसांत निर्णय करावा. कंपनीला उशिरा कळवलेला क्लेम अडचणीत येतो, आणि सर्वेअरने, म्हणजे नुकसानीची पाहणी करणाऱ्याने, गाडी पाहण्याआधी दुरुस्ती सुरू केली तर तो फेटाळलाही जाऊ शकतो. क्लेम नोंदवून झाला आणि मग तो परवडत नाही असे लक्षात आले, तर पैसे मंजूर होण्याआधी लेखी अर्ज देऊन तो मागे घ्यावा आणि रक्कम न देता क्लेम बंद केल्याचा ईमेल किंवा पत्र कंपनीकडून मागून घ्यावे. नूतनीकरणाच्या वेळी हाच कागद बोनस वाचवतो.

नूतनीकरण करताना आधीच्या क्लेमची माहिती खरीच द्यावी. कंपनी बदलली तर जुना क्लेम कळणार नाही, हा समज चुकीचा आहे. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून एनसीबीची खातरजमा करून घेते, आणि खोटा बोनस घेतल्याचे उघड झाले तर पुढचा ओन डॅमेज क्लेम नाकारला जाऊ शकतो. पॉलिसी संपण्याच्या पंधरा-वीस दिवस आधीच नूतनीकरण केले आणि उरलेल्या दिवसांत अपघात होऊन क्लेम करावा लागला, तर तेही कंपनीला कळवून सुटीतला फरक भरून टाकावा.

एनसीबी प्रोटेक्शन नावाचे जादा कव्हर मिळते. त्यात ठरलेल्या संख्येइतके क्लेम करूनही सुटीची टक्केवारी कायम राहते. 45 किंवा 50 टक्क्यांवर पोहोचलेल्या माणसाने ते जरूर विचारात घ्यावे. वर काढलेल्या 125 टक्क्यांशी त्या कव्हरचा हप्ता ताडून पाहिला की ते घेण्याजोगे आहे की नाही, हे लगेच ठरवता येते. पहिल्या-दुसऱ्या वर्षात मात्र जपायला फारसे काही नसते, त्यामुळे तेव्हा त्यावर पैसे घालू नयेत.

अपघात न होताही बोनस जाण्याचा एक मार्ग आहे. पॉलिसी संपल्यापासून 90 दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर साचलेली सगळी सूट रद्द होते. गाडी विकताना मात्र ती सूट गाडीबरोबर देऊन टाकू नये, कारण एनसीबी मालकाची असते. जुन्या कंपनीकडून एनसीबीचे प्रमाणपत्र घेऊन ठेवले, तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या दुसऱ्या गाडीच्या विम्यावर तीच टक्केवारी लावून मिळते.