'पर्यंत'साठी बाय की अंटिल?

इंग्रजीत मेल लिहिताना 'पर्यंत' हमखास दगा देतो. मराठीत हा एकच शब्द दोन कामं करतो, इंग्रजीत त्यांना दोन शब्द आहेत.

'शुक्रवारपर्यंत अर्ज द्या' हे एकदाच करायचं काम, शुक्रवार ही त्याची मुदत. बुधवारी दिला तरी चालेल. इथे 'बाय फ्रायडे'. 'शुक्रवारपर्यंत मी गावी आहे' ही तोवर चालू राहणारी स्थिती, म्हणून 'अंटिल फ्रायडे'. शंका आली तर मराठी वाक्यात 'उशिरात उशिरा' घालून बघा. बसलं की बाय. 'तोवर सतत' बसलं तर अंटिल. साहेबांना 'आय विल सेंड द रिपोर्ट अंटिल मंडे' लिहिलंत, तर सोमवारपर्यंत तुम्ही तोच रिपोर्ट पुन्हा पुन्हा पाठवत बसणार, असा अर्थ निघतो!

खरी गंमत नकारात आहे. 'आय वोन्ट बी बॅक अंटिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवारी येईन, त्याआधी नाही. 'आय वोन्ट बी बॅक बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवार आला तरी माझा पत्ता नसेल. रजेच्या अर्जात ही गल्लत महागात पडते.

बायनंतर ठरलेला क्षण लागतो: 5 वाजता, सोमवार, 31 मार्च. '3 दिवसांत' म्हणायचं असेल तर 'बाय थ्री डेज' नाही, 'विदिन थ्री डेज'.

आणि हो, टिल म्हणजे अंटिलचा शॉर्टफॉर्म नव्हे, उलट तोच जुना शब्द आहे. बोलताना बिनधास्त वापरा.