मागच्या गेटचे कॅमेरे आणि स्विचची जागा

सोसायटीच्या मागच्या गेटवरचे कॅमेरे अंधार पडला की सारखे रीस्टार्ट व्हायचे. वायरमन म्हणाला, कॅमेरेच बदला. मी आधी टेप घेऊन केबल मोजली. वॉचमनच्या केबिनमधल्या नेटवर्क स्विचपासून (कॅमेऱ्यांच्या केबल जिथे जोडतात तो डबा) वळणावळणाने तब्बल १३० मीटर! तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर. त्यात वीजही त्याच केबलमधून. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की टोकाला व्होल्टेज पडायचं.

सगळे कॅमेरे कागदावर मांडले, तर मध्यावर आली बी विंगची मीटररूम. पण तिथे उकाडा नि धूळ. म्हणून शेजारच्या जिन्याखाली, कुलपाच्या पेटीत, यूपीएससह दुसरा पीओई स्विच (डेटाच्याच केबलमधून वीजही देणारा) बसवला. केबिनपासून तिथपर्यंत फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल ओढली; तिच्यातून वीज वाहत नाही, म्हणजे पावसाळ्यात आकाशातल्या विजेची भीतीही कमी. आता सगळ्यात लांबची केबल ६० मीटर आहे. फायबरचा खर्च कमिटीच्या गळी उतरवणं मात्र केबल ओढण्यापेक्षा अवघड गेलं.