वाचता न येणाऱ्यांसाठी सुरक्षेची पोस्टर: या चुका टाळा

"अक्षरं येत नाहीत ना, मग चित्रं टाका," असं म्हणून लगेच छापखाना गाठणाऱ्यांची मला धास्तीच वाटते. चित्रही वाचायला शिकावं लागतं, हे यांच्या गावीही नसतं.

सगळ्यात नडते ती चूक-बरोबरची जोडी. एका कारखान्यात ग्राइंडरचं पोस्टर होतं. डावीकडे गार्ड (चाकावरचं संरक्षक झाकण) काढलेलं मशीन आणि त्यावर लाल फुली, उजवीकडे गार्ड बसवलेलं. पोस्टर कमी पडली म्हणून कुणीतरी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स मारल्या. फुली करडी होऊन मशीनच्या रेघांत मिसळून गेली. नव्या कामगारांना विचारलं तर म्हणाले, "आधी गार्ड काढायचा, मग बसवायचा." त्यांचं काय चुकलं? समोर होतं तेच त्यांनी वाचलं. तेव्हापासून मी फक्त बरोबर कृती काढते. चुकीची दाखवावीच लागली तर वेगळ्या कागदावर, जाड फुली मारून. आणि छापण्याआधी तिची झेरॉक्स काढून बघते.

कवटी-हाडांवर विसंबू नका. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये पाऱ्याचं औषध लावलेलं बियाणं वाटलं गेलं. पोत्यांवर कवटी होती, सूचना मात्र इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये. लोकांनी ते दळून भाकरी केल्या. बियाण्याला इशारा म्हणून दिलेला रंग धुतला की विष गेलं, असंही काहींना वाटलं. साडेसहा हजारांवर माणसं दवाखान्यात भरती झाली, त्यातली ४५९ दगावली.

दुसरी माझी चीड: "समजलं का?" हा प्रश्न. माना डोलणारच, चारचौघांत नाही कोण म्हणेल? चित्र हातात द्या आणि "आता करून दाखवा" म्हणा. चिन्हांच्या चाचणीसाठी अमेरिकेच्या आन्सी (ANSI) या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात ८५ टक्के बरोबर उत्तरांची अट आहे. शिवाय नेमका उलटा, घातक अर्थ काढणारे ५ टक्क्यांहून जास्त नकोत. माझ्या लेखी ही दुसरी अट जास्त मोलाची. "चाचणीला वेळ नाही" म्हणणाऱ्यांना पुन्हा छापायला मात्र वेळ सापडतो.

बाकी किरकोळ. नुसता पंजा काढू नका, अख्खा माणूस काढा. एका कागदावर एकच सूचना. पोस्टर ऑफिसबाहेर नको, मशीनपाशी लावा. आणि कोपऱ्यातला लोगो चित्रापेक्षा मोठा झाला असेल तर छाटा. साहेब रागावले तर रागावू देत.